कॅरम खेळून नोकरी लागते का? मंडळाच्या बोर्डापासून कंपनीच्या कॅन्टीनपर्यंतचा सरळ हिशोब

जुन्नर / मंचर : गणपती असोत नाहीतर शिवजयंती, आपल्याकडं मंडळाच्या मांडवात कॅरमचा बोर्ड लागतोच. ओतूर, बेल्हे, नारायणगाव असो की घोडेगाव, कळंब, मंचर, चित्र सगळीकडं सारखंच. बोर्डावर लटकवलेला बल्ब, खाली पावडरचा सडा, चौघं खेळणारे आणि चौदा जण सल्ला देणारे. आणि घरी गेल्यावर आईचा किंवा चुलत्याचा ठरलेला प्रश्न, "हे खेळून नोकरी लागणारे का तुला?"

प्रश्न टोचणारा असला तरी रास्त आहे. त्याचं एका शब्दातलं उत्तर "हो" पण नाही आणि "नाही" पण नाही. कॅरमवर खरोखर नोकरी मिळालेली माणसं आहेत. पण तो रस्ता अरुंद आहे आणि त्यावर खेळाइतकंच कागदाला महत्त्व आहे. दुसरीकडं, ज्यांना कॅरममुळं नोकरी मिळणार नाही, त्यांना मिळालेल्या नोकरीत टिकायला हाच बोर्ड कामाला येतो. दोन्ही बाजू नीट बघू.

ज्यांना मिळाली, ते कोण?

मुंबईचे प्रशांत मोरे हे कॅरमचे जागतिक विजेते. ते रिझर्व्ह बँकेकडून खेळले. बिहारच्या रश्मी कुमारी यांनी जागतिक विजेतेपद एकदा नव्हे तर अनेकदा मिळवलं, त्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीत. हैदराबादच्या एस. अपूर्वा, त्याही विश्वविजेत्या, एलआयसीत. बँक, विमा, तेल कंपन्या यांचे कॅरमचे संघ असतात, त्यांच्या आपसात देशपातळीवर स्पर्धा होतात आणि संघासाठी चांगले खेळाडू लागतात.

आता एक नाव असं, जे आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर आहे. जैन ठिबक. टोमॅटोला, उसाला, द्राक्षाला ज्यांच्या नळ्या आपण अंथरतो त्या जळगावच्या जैन इरिगेशनचा कॅरमचा संघ देशातल्या तगड्या संघांपैकी एक आहे. पुण्याचे योगेश परदेशी आणि मुंबईचे संदीप दिवे, दोघंही विश्वविजेते, या संघाकडून खेळले. ठिबकचं आणि कॅरमचं नातं काय, असं कुणी विचारेल. नातं काही नाही. भवरलाल जैन यांनी उभ्या केलेल्या कंपनीनं खेळाडू पदरी ठेवायचे ठरवले, त्यात कॅरमवालेही घेतले, एवढंच.

बुद्धिबळातही हीच रीत आहे. पुण्याचे अभिजित कुंटे 2000 साली ग्रँडमास्टर झाले, ते इंडियन ऑइलचे.

ही नावं वाचून हुरळून जायचं कारण नाही. ही सगळी माणसं देशात पहिल्या काही नंबरांत येणारी. एका संघात खेळाडू मोजकेच असतात आणि आतला माणूस निवृत्त झाल्याशिवाय किंवा सोडून गेल्याशिवाय नवीन जागा निघत नाही. मंडळाची स्पर्धा तीन वर्षं सलग जिंकली म्हणून बँक दारात गाडी पाठवत नाही.

गावचा कॅरम आणि स्पर्धेचा कॅरम

पहिली अडचण इथंच आहे. आपण जो खेळतो तो बहुतेक वेळा पॉइंटचा कॅरम. काळी दहाला, पांढरी वीसला, लाल पन्नासला, आणि जी दिसेल ती मारायची. काही गावांत पाच-दहाचा हिशोब चालतो. हा खेळ मजेचा आहे, पण स्पर्धेत याला जागा नाही.

स्पर्धेत नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि एक लाल. एकानं पांढऱ्या घ्यायच्या, दुसऱ्यानं काळ्या, आणि आपल्याच रंगाच्या मारायच्या. पांढरीवाला फोडतो. ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या तो बोर्ड जिंकला, आणि समोरच्याच्या जितक्या शिल्लक तितके त्याला गुण. लाल म्हणजे राणीचे तीन गुण, तेही कव्हर केली तर आणि आपले गुण बावीसला पोचले नसतील तोपर्यंतच. डाव 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा. खेळायचा पृष्ठभाग 74 सेंटीमीटर बाय 74 सेंटीमीटर. स्ट्रायकर 15 ग्रॅमच्या वर चालत नाही, आणि आपल्याकडं तर दुकानातून मुद्दाम जड स्ट्रायकर मागून आणतात!

याचा परिणाम काय होतो? पॉइंटच्या खेळात तरबेज झालेल्या पोराला सोपी सोंगटी आधी मारायची सवय लागलेली असते. स्पर्धेत मात्र समोरच्याची वाट अडवणं, आपली एखादी सोंगटी मुद्दाम भोकाच्या तोंडावर राखून ठेवणं, राणी कधी घ्यायची हे ठरवणं, यावर बोर्ड फिरतो. नेम दोघांचाही सारखा असतो, फरक डोक्यात असतो. म्हणून मंडळांनी एक करावं असं सुचवावंसं वाटतं : यंदाच्या स्पर्धेत निदान लहान गटाला तरी फेडरेशनच्या नियमांनी खेळवा. त्याला खर्च शून्य आहे.

शिडी शाळेतून सुरू होते

मंडळाच्या ढालीला नोकरीच्या अर्जात किंमत नाही. हे कडू आहे पण खरं आहे. अर्जात चालतं ते शालेय, विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र.

क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांत कॅरमही असतो आणि बुद्धिबळही. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट, मुलं-मुली वेगळे. तिथून जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आणि इथं आपल्या बाजूची एक गोष्ट आहे जी बऱ्याच पालकांना माहीत नसते. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पुणे ग्रामीण असे शालेय स्पर्धांसाठी वेगवेगळे विभाग धरले जातात. म्हणजे जुन्नरच्या किंवा आंबेगावच्या मुलाला जिल्हा पातळीवर शहरातल्या क्लासवाल्या पोरांशी भिडावं लागत नाही. ती गाठ विभागाला पडते. विभागापर्यंत पोचायची संधी त्यामुळं दिसते त्यापेक्षा बरी आहे.

अडतं कुठं, तर शाळा प्रवेशिकाच पाठवत नाही. कबड्डीचा संघ जातो, खो-खोचा जातो, कॅरमचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पालकांनी शाळा सुरू झाल्या झाल्या क्रीडाशिक्षकांना जाऊन विचारलं पाहिजे, "सर, कॅरमचं नाव देताय ना?" पश्चिम पट्ट्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलांच्या बाबतीत तर हे अधिक लागू आहे, कारण वसतिगृहात बोर्ड असतो, संध्याकाळी वेळही असतो. नाव देणारं कुणी लागतं.

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तेही याच स्पर्धांच्या जोरावर. ते कुठल्या पातळीला किती, हे शाळेत यादी पाहून ठरवायचं.

कॉलेजला गेल्यावर विद्यापीठाच्या स्पर्धा असतात आणि त्याबाहेर कॅरम संघटनेच्या. देशाची संघटना म्हणजे अखिल भारतीय कॅरम फेडरेशन, 1956 पासूनची. तिच्याखाली राज्याची, त्याखाली जिल्ह्याची.

सरकारी नोकरीत खेळाडूंची जागा

दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत, आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली केंद्र सरकारची. केंद्राच्या खात्यांना गट क मधल्या थेट भरतीच्या जागांपैकी 5 टक्क्यांपर्यंत जागा खेळाडूंमधून भरता येतात. "पर्यंत" हा शब्द महत्त्वाचा, भरल्याच पाहिजेत असं नाही. यासाठी कुठले खेळ चालतात त्याची केंद्राच्या कार्मिक विभागानं यादी केली आहे, त्यात कॅरम आणि बुद्धिबळ दोन्ही आहेत. पसंतीचा क्रम वरून खाली असा : देशाकडून खेळलेले, मग राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिनात आलेले, मग आंतरविद्यापीठ स्पर्धेतले, मग राष्ट्रीय शालेय स्पर्धेतले. नुसतं खेळलेत पण पदक नाही, अशांचा विचार शेवटी होतो. वयाची सूटही आहे, पाच वर्षांपर्यंत, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना दहा वर्षांपर्यंत. आपल्या भागातल्या महादेव कोळी समाजातल्या मुलांनी ही ओळ परत वाचावी.

दुसरी व्यवस्था राज्याची. महाराष्ट्रात सरकारी, निमसरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. 1 जुलै 2016 चा शासन निर्णय यासाठी पाहतात, त्यात पुढं दुरुस्त्याही झाल्या. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीचं पदक लागतं आणि कोणता खेळ धरला जातो, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. केंद्राच्या यादीत खेळ आहे म्हणून राज्याच्या भरतीत चालेलच असं गृहीत धरू नका. जाहिरात निघाली की त्यात दिलेला निर्णय क्रमांक उघडायचा, मोबाईलवर पीडीएफ मिळते, आणि आपला खेळ शोधायचा.

राज्याच्या भरतीत आणखी एक पायरी असते जिथं पोरं हमखास मागं राहतात. ती म्हणजे प्रमाणपत्राची पडताळणी. प्रमाणपत्र क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून तपासून, त्यांचा अहवाल घ्यावा लागतो. जाहिरात आल्यावर धावाधाव केली तर मुदत टळते. पदक मिळालं की लगेच पडताळणीला टाकायचं, नोकरी डोळ्यांसमोर असो वा नसो.

पडताळणी इतकी कडक का, तर त्याला कारण घडलं. ट्रॅम्पोलिन खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं प्रकरण राज्यात गाजलं, गुन्हे दाखल झाले. तरी आजही "राज्यस्तरीय सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारे भेटतात. असा कुणी भेटला तर पैसे तर जातीलच, पण पकडलं गेल्यावर लागलेली नोकरीही जाते आणि वर केस होते.

सोबत ठेवायचे कागद साधे आहेत. मूळ प्रमाणपत्र, स्पर्धेची तारीख आणि ठिकाण दिसणारं पत्रक, गुणपत्रक मिळालं तर तेही, आणि ज्या संघटनेनं स्पर्धा घेतली तिला त्या वर्षी मान्यता होती का याची खात्री. प्रमाणपत्रावर नाव आधारवरच्या नावासारखंच लिहून घ्या. "पप्पू" नावानं मिळालेलं पदक पप्पूच्याच घरी राहतं.

आता उरलेल्यांचं काय

शंभरातल्या नव्याण्णव पोरांचा रस्ता हा नाही. त्यांचा रस्ता पुणे-नाशिक हायवेनं चाकणला जातो, नाहीतर बेल्ह्यावरून शिरूरमार्गे रांजणगावला. आयटीआय करून, बारावी करून, कधी ठेकेदाराच्या नावावर. आणि या रस्त्यावर अडतं ते नोकरी लागण्यापेक्षा टिकण्यात. पहिल्या पंधरा दिवसांत पोरगं परत येतं. विचारलं तर सांगतं, काम जड होतं. बरेचदा काम जड नसतं. दिवसभर कुणी बोलत नाही, डबा एकट्यानं खावा लागतो, लाईनवरचे जुने आपसात हसतात, ते सोसत नाही. गावात सगळी ओळखीची माणसं, इथं शेजारी बिहारचा, पलीकडं ओडिशाचा, मागं बीड-परभणीचा. आपली बोली ऐकून कुणी चिडवतं. हिंदी अडखळते.

ज्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीला किंवा शिफ्ट सुटल्यावर बोर्ड लागतो, तिथं त्याच्याजवळ उभं राहायचं. कॅरमची खुबी अशी की त्याला भाषा लागत नाही. पाळी आली की मारायचं, पाळी गेली की गप्प बसायचं. ज्याला गप्पा सुरू करता येत नाहीत त्याच्यासाठी हे फार सोयीचं आहे, कारण शांत बसणं इथं विचित्र दिसत नाही. चौघांचा खेळ असला तर समोर जोडीदार मिळतो, आणि दोन डाव एकत्र खेळलेला माणूस दुसऱ्या दिवशी लाईनवर "अरे ते पान्हं इकडं दे" म्हणतो. नवीन माणसाची सुरुवात तिथून होते.

काही गोष्टी मात्र सांभाळायच्या. पहिल्याच दिवशी बोर्डावर हात घालायचा नाही, दोन दिवस बघायचं. बसायला सांगितलं की आधी विचारायचं, "दादा, तुमच्याकडं राणी कशी धरतात? अंगठ्यानं मारलेलं चालतं का?" प्रत्येक कंपनीचे घरचे नियम असतात, आणि नवीन माणसानं नियम विचारला की जुन्यांना बरं वाटतं. खरं तर आंतरराष्ट्रीय नियमात अंगठ्यानं मारायला परवानगी आहे, पण हे ज्ञान पहिल्या आठवड्यात पाजळायची गरज नाही.

समोर सुपरवायझर बसला तर? मुद्दाम हरायचं नाही. खेळणाऱ्याला लगेच कळतं की समोरचा सोडून देतोय, आणि तसं सोडून देणाऱ्यावर विश्वास बसत नाही. नीट खेळा, जिंकलात तर ओरडू नका, साहेबाला साहेबच म्हणा. आणि भोंगा झाला की डाव अर्धा असला तरी उठायचं. मशीनवर दोन मिनिटं उशिरा पोचलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, कॅरम किती चांगला खेळतो ते नाही.

पैसे लावून खेळत असतील तर त्या बोर्डापासून लांब. चहाची पैज वेगळी, पन्नास-शंभराची वेगळी. पगाराच्या दिवशी सुरू झालेली पैज दहा तारखेला भांडणावर येते, आणि चौकशी झाली की कंत्राटी पोरगा आधी बाहेर जातो.

बायकांचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कंपन्यांत आपल्याकडच्या मुली आता मोठ्या संख्येनं आहेत, पण बोर्डाभोवती पुरुषच दिसतात. चेन्नईच्या एका रिक्षाचालकाची मुलगी एम. खाजिमा 2024 मध्ये अमेरिकेत झालेल्या जागतिक स्पर्धेतून तीन सुवर्णपदकं घेऊन आली. खेळ पुरुषांचा आहे असं म्हणायला जागा उरलेली नाही. कंपनीतल्या मुलींनी चार जणी मिळून कामगार कल्याण अधिकाऱ्याकडं वेगळ्या वेळेची किंवा वेगळ्या बोर्डाची मागणी केली तर ती मोठी मागणी नाही, एका बोर्डाचा खर्च कंपनीला कळणारही नाही.

मोबाईलवरचा लुडो

बसमध्ये, खोलीवर, रात्रपाळीच्या सुट्टीत खेळ चालतो तो मोबाईलवर. लुडो किंग हा आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीनं बनवलेला खेळ, 2016 पासूनचा. घरच्यांसोबत, गावातल्या मित्रासोबत तो फुकट खेळण्यात काही वावगं नाही, उलट खोलीवर एकटा राहणाऱ्या पोराला गावाशी जोडून ठेवतो.

गडबड पैशाच्या लुडोत आणि पैशाच्या रमीत झाली. पन्नास रुपये टाकून सुरुवात, मग गेलेले काढायला पाचशे, मग मित्राकडून उसने. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावायचे असतील तर बंदीच. शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून आज कुणी टेलिग्रामवर किंवा लिंक पाठवून "इथं अजून चालू आहे" म्हणत असेल, तर तो बेकायदा धंदा आहे आणि तिथं अडकलेले पैसे परत मागायला तुम्ही कुणाच्या दारात जाणार?

पगाराच्या पावतीवरची एक ओळ

जून आणि डिसेंबरच्या पगाराच्या पावतीवर "एलडब्ल्यूएफ" अशी एक छोटी कपात दिसते. ती कशाची, हे दहातल्या आठ जणांना सांगता येत नाही. ते पैसे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाला जातात. 1953 च्या कायद्यानं हा निधी सुरू झाला. कामगार थोडे भरतो, मालक त्याहून जास्त भरतो. त्यातून कामगार कल्याण केंद्रं चालतात. तिथं बैठे खेळ असतात, वाचनालय असतं, शिलाईसारखे वर्ग असतात, कामगारांच्या क्रीडा आणि नाट्य स्पर्धा होतात, मुलांसाठी शिष्यवृत्तीही असते.

म्हणजे ज्याची कपात होते तो या केंद्राचा हक्काचा लाभार्थी आहे, मग तो कंत्राटी का असेना. चाकण, भोसरी, पिंपरी भागात खोली करून राहणाऱ्यांनी आपल्या जवळचं केंद्र कोणतं ते मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावं. जाताना कंपनीचं ओळखपत्र आणि कपात दिसणारी पावती सोबत न्यायची. पावती मिळतच नसेल तर ठेकेदाराला लेखी मागा, कारण तीच पावती पुढं पीएफलाही लागते.